निकोडेमसचे दप्तर



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होते, त्यांची सारी हयात गावाच्या कारभारात गेली. घरपट्टीचे रजिस्टर, जन्ममृत्यूच्या नोंदी, ग्रामसभेचे इतिवृत्त ही कामे त्यांनी देवपूजेच्या निष्ठेने केली. त्यांच्या नावाने बोलायचे तर एखाद्या गावाच्या कारभाराबद्दलच बोलावे, असे मी ठरवले. मात्र मी निवडलेले गाव फार लांबचे आहे. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात, वायव्य भागातल्या ग्रॅहम काउंटीत, सॉलोमन नदीच्या दक्षिण फाट्याजवळ ते वसले. त्याचे नाव निकोडेमस. गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या माणसांनी 1877 साली ते वसवले. आज तिथे मोजकीच माणसे राहतात. तरी हे गाव कसे उभे राहिले, त्याला नाव कसे मिळाले आणि त्या माणसांनी कारभार कसा हातात घेतला, हे आपण ऐकण्यासारखे आहे, असे मला मनापासून वाटते.

सुरुवात एका हस्तपत्रकापासून करतो. 1877 च्या उन्हाळ्यात केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन शहरात ते वाटले गेले. ज्या कृष्णवर्णीयांना कॅन्ससला जायचे आहे त्यांना 5 सप्टेंबर 1877 रोजी पाच डॉलरमध्ये जाता येईल, असा त्याचा मथळा होता. आता खालचा मजकूर पाहा. सरकारच्या ताब्यातली उत्तम जमीन मुबलक आहे हे आम्ही लेक्सिंग्टनचे लोक जाणतो, ती घेऊन वसती करण्यासाठी आम्ही एकत्र जमलो आहोत, सबब आम्ही ठराव करतो की आमची एक वसाहत स्थापन व्हावी आणि ती निकोडेमसशी जोडली जावी, अशा अर्थाचा तो मजकूर आहे. सभासद होण्याची वर्गणी एक डॉलर. तीही एकदम देणे जमत नसेल तर पंचवीस-पंचवीस सेंटच्या हप्त्यांनी.

या पत्रकाची भाषा ठरावाची आहे. ज्या माणसांना बारा वर्षांपूर्वीपर्यंत कायद्याने स्वतःच्या नावावर काही घेता येत नव्हते, ती माणसे सभा भरवतात, ठराव मांडतात, वर्गणीचे हप्ते ठरवतात. अजून त्यांच्यापैकी कोणाच्याही घराचा पाया खणलेला नाही, ती जमीन त्यांच्यापैकी कोणी डोळ्यांनी पाहिलेली नाही. पण संस्था उभी राहिली आहे. आधी कारभार आणि मग गाव, असा हा क्रम आहे, आणि निकोडेमसची सगळी हकीकत या क्रमातच दडलेली आहे.

असा क्रम का झाला असेल? केंटकी हे राज्य यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूला राहिले, त्यामुळे लिंकन यांची 1863 ची मुक्तीची घोषणा तिथे लागू नव्हती. तिथली गुलामी संपली ती डिसेंबर 1865 मध्ये, तेरावी घटनादुरुस्ती झाल्यावर. त्याआधीची सरकारी कागदपत्रे पाहिली तर अंगावर काटा येतो. 1850 आणि 1860 च्या जनगणनेत गुलामांची वेगळी सूची असे. वर मालकाचे नाव आणि खाली ओळीने वय, लिंग, रंग. गुलामाच्या नावासाठी त्या तक्त्यात रकानाच नव्हता. स्त्री, वय चोवीस, काळी. मुलगा, वय तीन, मिश्र. एवढेच. 1870 च्या जनगणनेत ही माणसे पहिल्यांदा नावानिशी नोंदली गेली. ज्याने अशा सूचीत आयुष्य काढले आहे, त्याला कागदाची ताकद वेगळी समजावून सांगावी लागत नाही. कोण माणूस आणि कोण मालमत्ता हे कागदावर ठरते, हे त्याने भोगलेले असते.

सुटकेनंतरही दिवस बरे नव्हते. जमीन जुन्या मालकांचीच राहिली. बटाईने कसायची, दुकानात उधारी करायची आणि हंगामाअखेर हिशेब मालकाच्या वहीत बघायचा. रात्री घोड्यांवरून येणाऱ्या गोऱ्या टोळ्यांची दहशत होती. 1877 च्या वसंतात राष्ट्राध्यक्ष हेज यांनी दक्षिणेतल्या राज्यांमधल्या सरकारांच्या पाठीशी उभे असलेले सैन्य काढून घेतले आणि आता आपल्याला कोणी वाली नाही, हे सगळ्यांना कळून चुकले. त्याच वर्षी लोक निघाले. कॅन्ससच का? ते राज्य 1861 मध्ये गुलामीविरहित राज्य म्हणून संघात आले होते, त्यासाठी तिथे रक्त सांडले होते, गुलामीविरुद्ध लढलेल्या जॉन ब्राउन यांचे नाव तिथे घराघरात होते. शिवाय 1862 च्या होमस्टेड कायद्याने 160 एकर सरकारी जमीन मिळत असे. थोडी फी भरायची, पाच वर्षे तिथे राहून जमीन कसायची, की ती आपल्या नावावर होई.

आता गावाच्या स्थापनेकडे येतो. 18 एप्रिल 1877 रोजी निकोडेमस टाउन कंपनी स्थापन झाली. सात जण होते, सहा कृष्णवर्णीय आणि एक गोरा. अध्यक्ष झाले रेव्हरंड डब्ल्यू. एच. स्मिथ. खजिनदार होता डब्ल्यू. आर. हिल, तो एकटा गोरा. हिल जमिनीचा व्यवहार करणारा माणूस होता. नवी गावे आखायची आणि प्लॉट विकायचे, हा त्या काळी पश्चिमेतला जोरात चाललेला धंदा. जवळच त्याने आणखी एक गाव वसवले आणि त्याला स्वतःचे नाव दिले: हिल सिटी. पुढे तेच काउंटीचे मुख्य ठिकाण झाले.

गावाची जागा कशी ठरली, तेही थोडे सांगायला हवे. अमेरिकेच्या सरकारने माणसे पोचण्याआधीच पश्चिमेची जमीन कागदावर चौकटींनी आखून ठेवली होती. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा एक चौकोन म्हणजे टाउनशिप. त्यात 36 सेक्शन, प्रत्येक 640 एकरांचा, आणि त्याचा पाव हिस्सा म्हणजे 160 एकर. निकोडेमस म्हणजे टाउनशिप 8, रेंज 21, त्यातल्या पहिल्या सेक्शनचा वायव्य चतकोर. तिथे काय होते? गवत. कंबरेएवढेही झाड नाही, सावली नाही, ओढ्याकाठी काय ती थोडी कॉटनवुडची झाडे.

ती जमीन रिकामी होती असे मात्र समजू नका. पॉनी, शायान, अरापाहो या लोकांच्या शिकारीचा तो मुलूख. 1867 च्या मेडिसिन लॉज तहानंतर शायान आणि अरापाहोंना दक्षिणेकडे हुसकावले गेले, गव्यांचे कळप बंदुकांनी संपवले गेले, आणि मग ती सरकारी जमीन म्हणून वाटपाला निघाली. एका अन्यायातून सुटलेल्यांना दुसऱ्या अन्यायाने मोकळी झालेली जमीन मिळाली. या इतिहासाबद्दल बोलणाऱ्याने हे सांगितलेच पाहिजे.

आणि नाव? यावर अभ्यासकांचे एकमत नाही. बायबलात निकोडेमस नावाचा एक परुशी, म्हणजे एका यहुदी पंथाचा माणूस, आहे. तो रात्रीच्या वेळी येशूकडे येतो आणि येशू त्याला पुन्हा जन्म घेण्याविषयी सांगतो. स्मिथ धर्मोपदेशक होते, वसाहतीत बाप्टिस्ट आणि मेथॉडिस्ट मंडळी होती. नव्या जन्माची ती कथा त्यांच्या मनात असणे स्वाभाविक आहे. पण दुसरा दावा मला अधिक बळकट वाटतो. हेन्री क्ले वर्क या गीतकाराचे ‘वेक निकोडेमस’ हे गाणे 1864 मध्ये निघाले आणि लोकांच्या तोंडी बसले. त्यातला निकोडेमस हा आफ्रिकेत जन्मलेला वृद्ध गुलाम आहे. मुक्तीचा दिवस उजाडला की मला उठवा, असे सांगून तो मरतो. निकोडेमस नावाचा एक राजपुत्र गुलाम म्हणून अमेरिकेत आला आणि त्याने पैसे भरून स्वतःची सुटका करून घेतली, अशी आख्यायिकाही लोकांत होती.

मला गाण्याची बाजू पटते ती टाउन कंपनीने जुलै 1877 मध्ये काढलेल्या पत्रकामुळे. त्या पत्रकात हे गाणे छापले आहे, पण त्याचे ध्रुपद बदलून. मूळ गाण्यात लोकांनी जमायची जागा दक्षिणेतल्या दलदलीतल्या एका झाडाखाली आहे. पत्रकात ती जागा सॉलोमन नदीच्या खोऱ्यातले कॉटनवुडचे झाड झाली. गाणे तेच, चाल तीच, पत्ता बदलला. ज्याला वाचता येत नव्हते त्यालाही गुणगुणता गुणगुणता कळले असेल, की आता कुठे जमायचे आहे. मृत माणसाने वाट पाहिलेली मुक्तीची पहाट आपल्या गावात होणार, असा त्या नावाचा अर्थ होता. शिवाय हे नाव त्यांनी कोणा सेनापतीचे, आमदाराचे किंवा रेल्वेच्या मालकाचे ठेवले नाही. तशी नावे त्या काळी सर्रास ठेवली जात. ग्रॅहम काउंटीचेच नाव यादवी युद्धातल्या चिकामोगाच्या लढाईत पडलेल्या एका कॅप्टनवरून आहे. यांनी आपल्या गावाला एका गुलामाचे नाव दिले.

जून 1877 मध्ये रेव्हरंड सायमन राउंडट्री तिथे पहिले पोचले. जुलैत झॅक फ्लेचर आणि त्यांची पत्नी जेनी आली. जेनी या स्मिथ यांच्या कन्या. सप्टेंबरात केंटकीहून सुमारे साडेतीनशे माणसांचा मोठा जथा आला. रेल्वे फक्त एलिसपर्यंत होती. तिथून पुढचे पस्तीसेक मैल पायी. पुढच्या वसंतात आलेल्या तुकडीत विलियाना हिकमन नावाची तरुण बाई होती. तिने उतारवयात सांगितलेली हकीकत आजही निकोडेमसच्या इतिहासात वाचली जाते. एलिसला मुलांमध्ये गोवर पसरला आणि काही मुले दगावली. मग होकायंत्र आणि हरणांच्या वाटा यांच्या भरवशावर दोन दिवस प्रवास. रात्री जंगली जनावरे जवळ येऊ नयेत म्हणून पुरुषांनी जाळ पेटवले. शेवटी पुरुष ओरडू लागले की निकोडेमस आले. ती आजारी होती, तरी आनंदाने उठून पाहू लागली. तिला काहीच दिसेना. नवऱ्याने बोट दाखवले तिकडे जमिनीतून धूर येत होता. तेच गाव. ते पाहून तिला रडू कोसळले.

तो धूर घरांचाच होता. लाकूड नाही, वीट नाही, तेव्हा लोकांनी उतारात आणि काठांमध्ये जमीन पोखरून खोल्या केल्या होत्या. मागची आणि बाजूची भिंत म्हणजे मातीच. पुढची बाजू दगडांची किंवा गवताच्या मुळांनी घट्ट बांधलेल्या ढेकळांची. वर बांबूसारखे बारीक वासे, त्यावर फांद्या, गवत आणि पुन्हा माती. एका टोकाला चूल आणि धुराला छपरातून भोक. जळणाला वाळलेले शेण आणि सूर्यफुलाची ताटे. पाऊस आला की छत गळे, बर्फ पडला की दार उघडत नसे. पहिल्या जथ्यातली काही कुटुंबे हे पाहून परत फिरली. हिलवर लोक इतके चिडले की त्याला लपून बसावे लागले.

बैल आणि नांगर फार थोड्यांकडे. बाकीच्यांनी कुदळ-फावड्याने माळ फोडला. गवताची मुळे हातभर खोल आणि एकमेकांत गुंतलेली, तेव्हा एकेक एकर काढायला किती घाम गेला असेल, याची कल्पना शेती करणाऱ्यालाच यावी. सप्टेंबरात पोचलेल्यांना पेरणीला वेळच मिळाला नव्हता. पहिला हिवाळा उपासमारीचाच. शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांनी आपल्याजवळचे मांस दिले म्हणून माणसे वाचली, असे गावात पिढ्यानपिढ्या सांगतात. कॅन्ससच्या पूर्वेकडच्या शहरांतूनही मदत मागून आणली गेली.

आणि या बिळांमध्येच कारभार सुरू झाला. पोस्ट फ्लेचर पतिपत्नींच्या घरात. शाळाही तिथेच, शिकवणाऱ्या जेनीबाई. पोटात अन्न नसताना शाळा कशाला, असा प्रश्न त्या लोकांना पडलेला दिसत नाही. दक्षिणेत अनेक ठिकाणी गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणे हा गुन्हा होता. पुढे त्या भागात शाळांचे जिल्हे आखले गेले तेव्हा निकोडेमसची शाळा ग्रॅहम काउंटीतली क्रमांक 1 ची शाळा ठरली. 1918 मध्ये बांधलेली तिची इमारत आजही उभी आहे.

टाउन कंपनी हे काही सरकार नव्हते. ती प्लॉट आखणारी, सभासद नोंदवणारी संस्था. खरे अधिकार यायचे तर टाउनशिपचा आणि काउंटीचा कारभार हवा. कॅन्ससमध्ये टाउनशिप म्हणजे साधारण आपल्याकडच्या गटग्रामपंचायतीसारखी. एक ट्रस्टी, एक क्लार्क, एक खजिनदार, तंटे सोडवायला जस्टिस ऑफ द पीस आणि कॉन्स्टेबल, सगळे निवडून आलेले. रस्ते, गरिबांची मदत, कराची आकारणी ही त्यांची कामे. 1880 च्या जनगणनेत निकोडेमस आणि आजूबाजूच्या टाउनशिपमध्ये 258 कृष्णवर्णीय आणि 58 गोरे नोंदले गेले. म्हणजे मतपेटी यांच्या हातात होती, आणि ती त्यांनी वापरली.

1878 मध्ये शिकागोहून दोन शिकलेले तरुण आले, एडवर्ड मॅकेब आणि एब्राम हॉल. दोघेही जन्माने स्वतंत्र. मॅकेब यांचा जन्म न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉयचा, 1850 चा. हॉल वृत्तपत्रात काम केलेले. दोघांनी जमिनीचे दावे दाखल करून द्यायचा व्यवसाय थाटला. अर्ज भरणे, नकाशावर जागा दाखवणे, लँड ऑफिसचे सोपस्कार. ज्या गावात बहुतेकांना सही येत नव्हती, तिथे हे काम अन्नाइतके गरजेचे होते.

ग्रॅहम काउंटी तोपर्यंत नकाशावर होती, पण तिची रचना झाली नव्हती. ठरावीक लोकसंख्या आहे असे दाखवल्याशिवाय गव्हर्नर काउंटी जाहीर करत नसत. गव्हर्नर जॉन सेंट जॉन यांनी गणनेचे काम हॉल यांच्याकडे सोपवले. माळामाळावरून, बिळाबिळांतून जाऊन एका कृष्णवर्णीय माणसाने गोऱ्या आणि काळ्या सगळ्यांची मोजणी केली. वीस वर्षांपूर्वी केंटकीत जनगणनेचा गोरा कारकून मालकाच्या ओसरीवर बसून विनानावाच्या माणसांच्या वयाचे आकडे लिहून घेत असे. आता नाव विचारणारा आणि लिहिणारा हाच समाज होता.

1 एप्रिल 1880 रोजी काउंटी जाहीर झाली. तात्पुरता काउंटी क्लार्क म्हणून गव्हर्नरांनी मॅकेब यांना नेमले. पुढे नोव्हेंबर 1881 मध्ये ते त्याच पदावर निवडून आले. क्लार्क म्हटले की आपल्याला टेबलाशी बसलेला साधा कारकून आठवतो. तिथे तसे नाही. काउंटीच्या मंडळाच्या बैठकांचे इतिवृत्त, कराच्या याद्या, देयकांचे आदेश, निवडणुकीचे कागद, सगळे त्याच्या ताब्यात. आपल्या भाषेत सांगायचे तर अख्ख्या तालुक्याचे दप्तर.

मित्रहो, दप्तर कोणाच्या हातात, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले, आणि ते अमेरिकेतल्या त्या सज्जनांना अर्पण केले, ज्यांनी निग्रो गुलामीविरुद्धच्या कामात औदार्य आणि आत्मत्याग दाखवला. निकोडेमस वसण्याच्या चार वर्षे आधीची ही गोष्ट. पुढे ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी कुलकर्णी आणि कचेरीतले कारकून निरक्षर शेतकऱ्याला कागदावर कसे नागवतात, ते तपशिलाने लिहिले. छत्रपती शाहू महाराजांनी 1918 मध्ये कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतन रद्द करून पगारी तलाठी नेमले. फुल्यांच्या आणि शाहूंच्या मनात जे होते तेच, त्यांना न भेटता, न वाचता, कॅन्ससच्या माळावरचे लोक करत होते: शाळा आधी, आणि मग दप्तर. माझ्या मते शाळा आणि दप्तर या दोन गोष्टींचा समतेशी असलेला संबंध कोणत्याही घोषणेपेक्षा जवळचा आहे.

1882 मध्ये मॅकेब कॅन्ससचे स्टेट ऑडिटर म्हणून निवडून आले. म्हणजे साऱ्या राज्याच्या तिजोरीचा हिशेब तपासणारा अधिकारी. मतदार बहुसंख्य गोरे. दक्षिणेबाहेर राज्यपातळीच्या पदावर निवडून आलेले ते पहिले कृष्णवर्णीय. 1884 मध्ये ते पुन्हा निवडून आले.

तोपर्यंत गावही वर आले होते. चुनखडीच्या दगडाची घरे, दुकाने, फ्लेचर यांचे सेंट फ्रान्सिस हॉटेल, मेथॉडिस्ट आणि बाप्टिस्ट चर्च. 1886 मध्ये ‘वेस्टर्न सायक्लोन’ आणि त्याच्या पुढच्या वर्षी ‘निकोडेमस एंटरप्राइज’ अशी दोन वृत्तपत्रे. गोरे व्यापारीही येऊन दुकाने थाटू लागले. आता एकच गोष्ट हवी होती, रेल्वे. त्या काळात ज्या गावाला स्टेशन मिळेल ते जगायचे, ज्याला मिळणार नाही ते मरायचे.

रेल्वे कंपन्या स्टेशन फुकट देत नसत. गावांनी कर्जरोखे काढून पैसे द्यायचे, तरच मार्ग वळायचा. मार्च 1887 मध्ये निकोडेमस टाउनशिपच्या मतदारांनी मिसूरी पॅसिफिक रेल्वेसाठी 16,000 डॉलरचे रोखे मंजूर केले. दहा वर्षांपूर्वी पंचवीस सेंटच्या हप्त्याने वर्गणी भरणाऱ्या लोकांनी हे केले! सभा, प्रचार, मतदान, सगळे रीतसर. टाउनशिपला जेवढा अधिकार होता तेवढा तिने पुरेपूर वापरला.

पण बोलणी फिसकटली. मिसूरी पॅसिफिक आली नाही. 1888 मध्ये युनियन पॅसिफिकने रूळ टाकले ते नदीच्या दक्षिणेकडून, निकोडेमसला वगळून. सहाएक मैलांवर बोग नावाचे नवे स्टेशन उभे राहिले आणि दुकानदार एकेक करून तिकडे गेले. दोन्ही वृत्तपत्रे बंद पडली. गावाला असे मुद्दाम वगळले गेले का, याबद्दल लिहिणारे वेगवेगळे मत देतात. मला त्यातले सगळ्यात क्लेशकारक वाटते ते असे की ज्या सत्तेने गावाचे भवितव्य ठरवले तिच्या कार्यालयात निकोडेमसच्या मताला किंमतच नव्हती. टाउनशिपची निवडणूक जिंकता येत होती, काउंटीचे दप्तर हाती येत होते, राज्याचा हिशेबही तपासता येत होता. रूळ कुठून जाणार हे ठरवणाऱ्या कंपनीच्या टेबलावर मात्र मतपेटी नव्हती.

गाव सुकत गेले तरी विझले नाही. शेतकरी आपापल्या जमिनी धरून राहिले. दरवर्षी जुलैअखेरीला देशभर पांगलेली घराणी गावी येतात. हा सोहळा 1 ऑगस्टच्या मुक्तिदिनाचा, ब्रिटिशांच्या ताब्यातल्या वेस्ट इंडीजमधली गुलामी 1834 मध्ये त्या तारखेला संपली म्हणून.

मॅकेब यांची पुढची हकीकत सांगितल्याशिवाय मला थांबता येणार नाही. कॅन्ससमध्ये पुढची उमेदवारी न मिळाल्यावर ते ओक्लाहोमात गेले आणि 1890 मध्ये त्यांनी लँगस्टन नावाचे आणखी एक कृष्णवर्णीयांचे गाव वसवण्यात पुढाकार घेतला. जॉन मर्सर लँगस्टन या नेत्यावरून ते नाव. ओक्लाहोमाचा सगळा प्रदेश कृष्णवर्णीयांचे राज्य व्हावा, असे त्यांचे स्वप्न होते. झाले उलटेच. 1907 मध्ये ओक्लाहोमा राज्य झाले आणि तिथल्या विधिमंडळाने सुरुवातीलाच जे कायदे केले त्यांत रेल्वेत काळ्या-गोऱ्यांचे डबे वेगळे करणारा कायदा होता. मॅकेब आणि त्यांचे चार सहकारी कोर्टात गेले. अचिसन, टोपीका अँड सांता फे या रेल्वेविरुद्धचा तो खटला सर्वोच्च न्यायालयात 1914 मध्ये निकाली निघाला. ते हरले. प्रत्यक्ष नुकसान दाखवता येत नाही, असे तांत्रिक कारण दिले गेले. पण निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांनी एक गोष्ट नोंदवली. कृष्णवर्णीय प्रवासी थोडे आहेत म्हणून त्यांना झोपण्याचा किंवा जेवणाचा डबा नाकारता येणार नाही, कारण समान वागणुकीचा हक्क हा समूहाच्या संख्येवर अवलंबून नसून एकेका माणसाचा आहे.

मॅकेब 1920 मध्ये शिकागोत गरिबीत वारले. त्यांचे दफन टोपीकात झाले, ज्या शहरात त्यांनी राज्याचे हिशेब तपासले होते. 1938 मध्ये मिसूरी विद्यापीठाच्या कायद्याच्या शाखेत एका कृष्णवर्णीय तरुणाला प्रवेश नाकारल्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. तेव्हा सरन्यायाधीश झालेल्या त्याच ह्यूज यांनी निकाल देताना मॅकेब खटल्यातल्या त्या तत्त्वाचा आधार घेतला, आणि या वेळी तो तरुण जिंकला. शाळांमधली वर्णभेदाची भिंत पाडणारा 1954 चा ब्राउन खटला याच वाटेने पुढे आला. तो खटला टोपीकाच्या शिक्षण मंडळाविरुद्ध होता.

मिसूरीचा निकाल लागला त्याच्या पुढच्या वर्षी, 1939 मध्ये, निकोडेमसमध्ये एक इमारत बांधून झाली. महामंदी आणि धुळीच्या वादळांनी माळ होरपळून काढला होता, गावात थोडीच कुटुंबे उरली होती, आणि सरकारी रोजगार योजनेतून बांधकाम मिळणार होते. चुनखडीच्या दगडात त्यांनी जे बांधून घेतले तो टाउनशिप हॉल होता. टाउनशिपच्या बैठका आणि निवडणुका तिथे होऊ लागल्या.